मोटार उंच करण्याचा घरगुती उद्योग

अमेरिकेंतील एखाद्या उपनगरांत शनिवारच्या सकाळीं फेरफटका करणाऱ्यास एक दृश्य वारंवार दिसतें. घराला लागूनच असलेल्या मोटारखान्याचें दार वर सरकविलेलें असतें. आंत एक जीप चाकें काढलेल्या स्थितींत लोखंडी घोड्यांवर उभी असते, आणि तिच्या पोटाखालून दोन पाय तेवढे बाहेर आलेले असतात. ते पाय कोणा धंदेवाईक कारागिराचे नसतात. आठवड्याचे पांच दिवस कचेरींत बसून काम करणाऱ्या गृहस्थाचे ते असतात, आणि क्वचित् गृहिणीचेही. ज्या देशांत मजुरी महाग, अवजारें सुलभ आणि घरापाशीं जागा मुबलक, तेथें आपल्या गाडीचें काम आपणच करावें ही वृत्ति सहज वाढते. आपल्याकडून तिकडे गेलेल्या मंडळींनाही हा नाद लागतो, आणि मग पुण्या-मुंबईच्या घरीं टेलिफोनवरून वार्ता येते कीं, चिरंजीवांनीं स्वतःच्या हातानें गाडी अडीच इंच उंच केली. ऐकणाऱ्या वडीलधाऱ्यांना कौतुक वाटतें, पण उंच केली म्हणजे नक्की काय केलें आणि कशासाठीं केलें, हें कोडें मात्र तसेंच राहतें. तें कोडें उलगडण्यासारखें आहे. कारण त्यांत यंत्रशास्त्राचा एक सुंदर धडा आहे, आणि जिवाशीं गांठ घालणारे कांहीं प्रसंगही आहेत.

जीप हें नांव महाराष्ट्राला परकें नाहीं. १९४१ सालापासून विलिस कंपनीनें लष्करासाठीं बांधलेली ही गाडी दुसऱ्या महायुद्धानंतर मुंबईच्या महिंद्र कंपनीनें आपल्या देशांत जुळविण्यास आरंभ केला, आणि साहेबाच्या दौऱ्यापासून उंसाच्या मळ्यापर्यंत तिचा संचार सुरू झाला. त्या जीपचा भार एकावर एक रचलेल्या पोलादी पाट्यांवर असे. अमेरिकेंत पुढें रँग्लर या नांवानें जी जीप निघाली, तिचेही पहिले नमुने पाट्यांवरच उभे होते. १९९७ सालच्या नमुन्यापासून पाटे गेले आणि त्यांच्या जागीं वेटोळ्याच्या स्प्रिंगा आल्या. २००७ ते २०१८ या काळांत निघालेली त्यापुढची पिढी घरच्या घरीं उंच करणारांना फारच मानवली. तेव्हां उदाहरणादाखल तीच गाडी समोर ठेवणें सोयीचें होईल.

कोणत्याही मोटारीचे, स्थूल मानानें, दोन संसार असतात. चाकें, त्यांना जोडणारा आंस आणि ब्रेक हा खालचा संसार. चासी, एंजिन, टप आणि आंत बसलेलीं माणसें हा वरचा संसार. खालच्या संसारानें खांचखळगे सोसावे आणि वरच्याला त्यांची वार्ता शक्य तितकी सौम्य करून सांगावी, अशी योजना असते. हें दुभाष्याचें काम स्प्रिंग करते. स्प्रिंग एकदां दबली म्हणजे पुन्हां पुन्हां उसळ्या मारूं लागते. त्या उसळ्यांना आवर घालणारा तो शॉकॲब्झॉर्बर. गाडी उंच करणें याचा अर्थ एवढाच कीं, या दोन संसारांमधील अंतर वाढवावयाचें. त्याचे मार्ग मुख्यतः दोन. मूळच्या स्प्रिंगेच्या डोक्यावर एक जाड कडें बसविणें हा स्वस्त मार्ग. मूळची स्प्रिंग काढून तिच्या जागीं अधिक लांब स्प्रिंग घालणें हा दुसरा, जास्त खर्चाचा पण अधिक समाधानकारक मार्ग. बाजारांत या दुसऱ्या मार्गाचें सर्व साहित्य एका खोक्यांत मिळतें : चार स्प्रिंगा, चार शॉकॲब्झॉर्बर, कांहीं दांडे, कांहीं पोलादी कोन आणि मूठभर नट-बोल्ट.

येथें एक सार्वत्रिक गैरसमज दूर केला पाहिजे. लांब स्प्रिंग घातली म्हणजे गाडीचा प्रत्येक भाग जमिनीपासून उंच जातो, असें पुष्कळांना वाटतें. वस्तुतः तसें होत नाहीं. आंसाच्या मध्यावर दंतचक्रांचा जो पोलादी गोळा असतो, ज्याला डिफरन्शियल म्हणतात, तो खालच्या संसारांतला. वरचा संसार कितीही वर गेला तरी तो तसूभरही हलत नाहीं, आणि वाटेंतल्या दगडावर आपटावयाचा तो बहुधा तोच. त्याला वर उचलण्याचा उपाय एकच, मोठे टायर. ३२ इंच व्यासाचे टायर काढून ३५ इंचांचे घातले, तर व्यास तीन इंचांनीं वाढतो, पण आंस वर जातो तो त्याच्या निम्मा, म्हणजे दीड इंच. मग लांब स्प्रिंगांचा उपयोग काय? मोठा टायर मडगार्डाला न घासतां फिरावा एवढी जागा त्या करून देतात. शिवाय गाडीचें नाक, शेपूट आणि पोट अधिक उंच गेल्यामुळें तिला उभ्या चढणीला तोंड लावतां येतें आणि उंचवटा ओलांडतांना पोट टेकत नाहीं. ज्याला अशा वाटेनें जावयाचेंच नाहीं, त्याला या खटाटोपांतून शोभेपलीकडे कांहीं मिळत नाहीं, हें स्पष्ट सांगितलेलें बरें.

आतां जमेची बाजू पाहिली, तशी खर्चाचीही पाहावी. उंच वस्तु लवकर कलंडते, हें घरांतील लहान मूलही जाणतें. शास्त्रज्ञांनीं त्याचें माप ठरविलें आहे. डाव्या व उजव्या चाकांमधील अंतराचा निम्मा भाग घ्यावा आणि त्याला गुरुत्वमध्याच्या उंचीनें भागावें. येणारा आंकडा जितका मोठा, तितकी गाडी स्थिर. अमेरिकन सरकारचें महामार्ग-सुरक्षा खातें गाडी उलटण्याचा धोका वर्तवितांना याच गुणोत्तराचा आधार घेतें. घरगुती वापराच्या बहुतेक ठेंगण्या गाड्यांचें गुणोत्तर १·३ ते १·५ च्या दरम्यान येतें. आतां समजा, एका जीपच्या चाकांमधील अंतर ६२ इंच आणि गुरुत्वमध्याची उंची २८ इंच आहे. ३१ ला २८ नें भागलें म्हणजे उत्तर येतें १·११. स्प्रिंगा बदलल्यामुळें गुरुत्वमध्य दोन इंचांनीं वर गेला, तर तेंच उत्तर १·०३ होतें. फरक कागदावर अल्प वाटतो. परंतु जी गाडी मुळांतच बेताची स्थिर, तिच्या शिलकींतून ही रक्कम काढली जाते. जें वळण काल ज्या वेगानें सहज घेतलें, तें आज त्याच वेगानें घेतां येणार नाहीं. वाहन उंच झालें, तर वाहकानें सौम्य झालें पाहिजे.

खरी मौज, आणि खरी जोखीम, मात्र पुढेंच आहे. मोटारीचे अवयव एकमेकांशीं असे निगडित असतात कीं, एकाला धक्का लावला तर चार जण कुरकुरूं लागतात. जीपचा आंस डावी-उजवीकडे सरकूं नये म्हणून एक लांब आडवा दांडा असतो. त्याचें एक टोक चासीला आणि दुसरें आंसाला बांधलेलें असतें. कंपासाची एक टांग रोवून दुसरी फिरविली म्हणजे ती सरळ रेषेंत न जातां वर्तुळाच्या कडेनें जाते. तसाच हा दांडा. चासी वर गेली आणि आंस तिच्यापासून दूर गेला, कीं दांडा त्या आंसाला आपल्या रोवलेल्या टोंकाकडे ओढतो. परिणामीं गाडी एका बाजूस अर्ध्या-पाऊण इंचानें सरकलेली दिसते. त्यावर लांबी कमी-जास्त करतां येईल असा दांडा घालणें, किंवा त्याचें बूड नव्या कोनानें उचलणें, हा इलाज.

दुसरी कुरकुर चाकांच्या झुकावाची. सायकल चालविणारा हात सोडूनही सरळ जातो, त्याला तिच्या पुढील चिमट्याच्या तिरपेपणाची मदत होते. मोटारीचीं पुढचीं चाकें ज्या अक्षाभोंवतीं वळतात, तोही असाच वरच्या टोंकाला मागें झुकविलेला असतो. या जीपमध्यें तो झुकाव सुमारें चार अंशांचा. आंसाला पुढें-मागें धरून ठेवणारे जे जोडदांडे असतात, ते गाडी उंच झाल्यावर अधिक उतरते होतात आणि आंसाला किंचित् फिरवितात. झुकाव कमी होतो. मग वळण घेतल्यावर स्टिअरिंगचें चक्र आपण होऊन परत येईनासें होतें आणि भरधाव वेगांत गाडी भरकटूं लागते. त्यासाठीं जोडदांड्यांचीं टोंकें बसविण्याचे नवे कोन, अथवा थोडे लांब जोडदांडे घालावे लागतात. दिव्यांचेंही तसेंच. नाक वर गेलें म्हणजे दिव्यांचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. उंच गाडीच्या मालकाला हा दोष कधींच दिसत नाहीं. तो भोगणारा दुसराच असतो. म्हणूनच तो आधीं सुधारला पाहिजे.

आतां प्रत्यक्ष कामाकडे वळूं या. परदेशीं राहणाऱ्या एखाद्या मराठी कुटुंबाचें चित्र डोळ्यांपुढें आणावें. शुक्रवारीं रात्रीं जेवणें आटोपल्यावर गृहस्थ सर्व जुन्या बोल्टांवर गंज सोडविणारें तेल शिंपडून ठेवतो. कारण ज्या मुलखांत हिवाळ्यांत बर्फ वितळविण्यासाठीं रस्त्यांवर मीठ टाकतात, तेथें गाडीच्या पोटाखालचें लोखंड गंजून एकजीव झालेलें असतें, आणि घाईनें पाना लावला तर बोल्ट निघण्याऐवजीं तुटतो. खोक्यांतील जिनसा यादीशीं ताडून पाहिल्या जातात. चारही चाकांच्या मध्यबिंदूपासून मडगार्डाच्या कडेपर्यंतचीं अंतरें मोजून वहींत टिपलीं जातात. काम संपल्यावर तींच खरी साक्ष देतात.

शनिवारीं सकाळीं पहिला प्रश्न उभा राहतो तो गाडी उभी करण्याचा. जमीन सपाट आणि काँक्रीटची हवी. उतार नको, माती नको, उन्हानें मऊ होणारें डांबरही नको. जॅक आणि घोडी यांतील भेद येथें जीवन-मरणाचा होतो. जॅक हा उचलणारा आहे, धरून ठेवणारा नव्हे. त्याच्या पोटांत तेल असतें. एक लहानसें रबरी कडें फाटलें कीं तो दीड-दोन टनांचा भार घेऊन खालीं बसतो, आणि पूर्वसूचना देत नाहीं. म्हणून उचलावें जॅकनें, पण भार सोपवावा घोड्यांवर. विटांचा किंवा सिमेंटच्या पोकळ ठोकळ्यांचा ढीग रचून त्यावर गाडी ठेवणारे साहसी लोक असतात. ते ठोकळे वांकत नाहींत, एका क्षणांत फुटतात. दुसरी गोष्ट हातब्रेकची. तो फक्त मागच्या चाकांना आवळतो. मागची बाजू उचलली म्हणजे जमिनीवर टेकलेलीं पुढचीं चाकें मोकळींच राहतात. त्यांच्यापुढें आणि मागें भक्कम पाचरी हव्यातच. घोड्या लागल्यावर गाडीला दोन्ही हातांनीं जोरानें हलवून पाहावें. पडावयाची असेल तर ती खालीं कोणी नसतांनाच पडावी. काढलेलीं चाकें बाजूला न लोटतां चासीखालींच आडवीं सरकवून ठेवावींत. सर्व उपाय थकले तरी तेवढी पोकळी एक जीव वांचविते.

गृहस्थ आंत शिरूं लागतो, तोंच बत्ती धरून उभी असलेली पत्नी विचारते, “अहो, दुसरी घोडी लावलीत ना?” “जॅक आहे कीं तिथं, पांच मिनिटांचंच तर काम,” असें उत्तर येतें. “पांच मिनिटांचं असो नाहीं तर पांच तासांचं, घोडी लागल्याशिवाय मी बत्ती धरणार नाहीं.” यंत्रशास्त्राची पदवी नसलेल्या माणसाचा हा हट्ट हें त्या दिवसाचें सर्वांत मोलाचें शहाणपण होय. हें काम एकट्यानें कधींही करूं नये. हाक ऐकूं येईल इतक्या अंतरावर घरांत दुसरें माणूस असावें, हा नियम त्यांतूनच निघतो.

पुढील बाजूस आरंभ करतात. घोड्या चासीखालीं, जॅक आंसाखालीं, अशी मांडणी असते; म्हणजे वरचा संसार स्थिर राहून खालचा सावकाश उतरवितां येतो. प्रथम गाडीचा डोल आवरणाऱ्या दांड्याचे दुवे सोडावयाचे, मग आडव्या दांड्याचें एक टोक, मग शॉकॲब्झॉर्बर. त्यानंतर ज्यांची आठवण सहसा राहत नाहीं तीं दोन नाजूक मंडळी : ब्रेकच्या तेलाच्या लवचिक नळ्या आणि चाकाचा वेग मोजणाऱ्या यंत्राच्या तारा. या आधीं मोकळ्या केल्या नाहींत तर आंस खालीं जातांना त्यांच्यावर लोंबकळतो. ताणलेली नळी त्या दिवशीं फुटत नाहीं. ती महिन्यांनंतर, उतारावर, ब्रेक दाबला असतां फुटते. सर्व सुटलें म्हणजे जॅक थोडा थोडा उतरवावा. आंस पुरेसा खालीं गेला कीं जुनी स्प्रिंग सैल होऊन हातांत येते. नवी स्प्रिंग बसविण्यापूर्वीं तिच्या पोटांत अटकावाचा ठोकळा ठेवावयाचा असतो. तो विसरला तर सर्व पुन्हां सोडावें लागतें. हा ठोकळा म्हणजे शोभेची वस्तु नव्हे. मोठा खड्डा आल्यावर शॉकॲब्झॉर्बर तळाला आपटण्यापूर्वीं आणि टायर मडगार्डांत घुसण्यापूर्वीं आंसाला थांबविणें हें त्याचें कर्तव्य.

जीपची ही स्प्रिंग सुटी असल्यामुळें एवढ्या सुखानें निघते. ज्या गाड्यांत स्प्रिंग शॉकॲब्झॉर्बरच्या खांबावरच आवळून बसविलेली असते, त्यांची गोष्ट निराळी. तेथें वरचा नट सोडणें म्हणजे दाबलेल्या सापळ्याची कळ उघडणें होय. स्प्रिंग गोळीसारखी सुटून समोरच्याचें तोंड फोडते. तसें काम योग्य दाबयंत्र असलेल्या कारखान्याकडेच सोंपवावें.

मागील बाजूची रीत बव्हंशीं अशीच. तेथें पुढच्या डोल-दांड्याचे जुने दुवे उपयोगीं पडतात. मूळचे पुढचे दुवे मागें, आणि खोक्यांतील नवे लांब दुवे पुढें, अशी पुष्कळ साहित्यांत योजना असते.

सर्व जागच्या जागीं बसलें, चाकें चढलीं, गाडी जमिनीवर उतरली, कीं काम संपल्यासारखें वाटतें. परंतु कुशल आणि अकुशल यांतील अंतर येथेंच कळतें. जोडदांड्यांच्या टोंकांत रबराचे बुश असतात. गाडी अधांतरीं असतांना त्यांचे बोल्ट पक्के आवळले, तर रबर त्या लोंबत्या कोनांतच जखडलें जातें. गाडी खालीं आल्यावर तें सदैव पिळलेलें राहतें, चाल ताठर होते आणि थोड्याच काळांत रबर फाटतें. म्हणून हे बोल्ट अधांतरीं केवळ हलके लावावे आणि गाडीचा सर्व भार चाकांवर आल्यावर, मोजमापाचा पाना घेऊन, पुस्तकांत दिलेल्या जोरानें आवळावे. आडव्या दांड्याच्या बोल्टाला या जीपमध्यें १२५ फूट-पौंड एवढा जोर लागतो. म्हणजे एक फूट लांबीच्या पान्याच्या टोंकावर १२५ पौंडांचा भार. “चांगला घट्ट झाला” ही मनाची समजूत त्या जागीं उपयोगाची नाहीं.

या एका बोल्टाचें महत्त्व किती, तें ज्यानें अनुभवलें तोच जाणे. तो सैल राहिला, किंवा त्याचें भोंक झिजलें, तर ताशीं पन्नासएक मैलांच्या वेगांत रस्त्यावरील एखाद्या सांध्यावरून जातांना पुढचा सर्व आंस एकाएकीं थरथरूं लागतो. चक्र हातांत टिकत नाहीं, गाडी निखळून पडेल असें वाटतें, आणि वेग अगदीं कमी होईपर्यंत तो कंप थांबत नाहीं. अमेरिकेंत याला मृत्युकंप असें सार्थ नांव पडलें आहे. अशा वेळीं घाबरून जोराचा ब्रेक न मारतां चक्र घट्ट धरून वेग सावकाश उतरवावा, आणि पुढें गाडी न्यावी ती दुरुस्तीलाच.

रस्त्यावर पडण्यापूर्वीं चक्र मध्यावर आणण्याचें काम राहतें. उंची वाढल्यामुळें गाडी सरळ जात असतां चक्र तिरपें दिसूं लागतें. जुन्या गाडींत हा केवळ डोळ्यांना खुपणारा दोष होता. आतां गाडी घसरूं नये म्हणून जें विद्युत्-यंत्र बसविलेलें असतें, तें चक्राचा कोन सारखा वाचीत असतें. चक्र तिरपें दिसलें कीं चालक वळतो आहे असें तें समजतें, आणि सरळ रस्त्यावर आपण होऊन एखाद्या चाकाचा ब्रेक लावतें. स्टिअरिंगच्या दांड्यावरील फिरकी फिरवून चक्र मध्यावर आणणें हें थोड्या वेळाचें काम. तें टाळून महामार्गावर जाणें हा अविचार. मग चक्र दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून नळ्या कोठें घासत नाहींत ना हें पाहावें, गल्लींतल्या गल्लींत ब्रेक तपासावे, दिव्यांचा झोत खालीं घ्यावा, आणि चाकांची सरळ रेषा कारखान्यांत मापून घ्यावी. पहिल्या शंभर मैलांच्या आंत प्रत्येक बोल्ट पुन्हां एकदां त्याच पान्यानें तपासावा. कारण नवे भाग परस्परांत बसतांना थोडे सैल पडतात.

हें सर्व ऐकून आपल्याकडील एखाद्या उत्साही तरुणाचे हात शिवशिवूं लागतील. त्यानें पान्याला हात घालण्यापूर्वीं कायद्याचें पान उघडावें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें, नोंदणीपत्रांतील तपशील उत्पादकानें मुळांत ठरविलेल्या तपशिलाशीं विसंगत होईल असा बदल वाहनांत करण्यास मनाई आहे. २०१९ च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानेंही तोच अर्थ उचलून धरला. त्याच वर्षींच्या दुरुस्तीनें अशा प्रत्येक बदलास पांच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरली. अपघात झाल्यास विम्याची कंपनी हाच प्रश्न प्रथम विचारील, हेंही ध्यानांत ठेवावें. अमेरिकेंतही प्रत्येक राज्याचे उंचीविषयींचे नियम निरनिराळे आहेत.

रविवारीं संध्याकाळीं आपल्या चित्रांतील गृहस्थ वहींतील जुनीं मापें नव्यांशीं ताडून पाहतो. हात काळे झालेले, कंबर ठणकणारी. पण गाडीच्या पोटांतील प्रत्येक दांडा कां आहे आणि काय धरून आहे, हें त्याला आतां ठाऊक झालेलें असतें. अडीच इंचांची उंची पैसे टाकून कोणालाही विकत घेतां येते; हें ज्ञान मात्र असें हात काळे करूनच मिळतें. पत्नी मुलांना मागच्या बाकावर बसविते, आणि निघण्यापूर्वीं एकच प्रश्न विचारते : “सगळे बोल्ट आवळलेत?” तो क्षणभर थांबतो, खालीं उतरतो, पाना घेतो आणि पुन्हां एकदां गाडीखालीं डोकावतो. त्या मागच्या बाकाकडे पाहून जो असा पुन्हां खालीं उतरतो, त्यानेंच हा उद्योग घरीं करावा.